बाबांच्या जागेचा दावा

११ नोव्हेंबर १९९६

आर्विद,

तुझ्या घराची चिमणी मला माझ्या स्वयंपाकघरातून दिसते, आणि तरी हे पत्र मी तिकीट लावून टपालात टाकणार आहे. तुझ्या पत्रपेटीत हाताने टाकलं तर तो म्हणे गुन्हा होतो, आणि आणखी एका खटल्याची हौस मला नाही. म्हणजे हे पत्र आधी कुठल्या कुठे जाईल, शिक्के खाईल, आणि फिरून तुझ्याच दारात येईल. आपल्यामधलं कुंपण तू स्वतः उपटून काढलं होतंस, माझा नवरा गेला त्या वर्षी. म्हणालास, साइमी, आता एकटी वळसा घालून कशाला येतेस, सरळ ये. त्याच वाटेवर आज मी पाऊल टाकायचं नाही, असं तुझ्या वकिलाचं म्हणणं आहे. माझ्याही वकिलाचं तेच म्हणणं आहे. दोघांचं एकमत झालेली ही एवढी एकच गोष्ट.

अक्षर वाकडं आहे. डाव्या हाताचं आहे. उजव्याचं काय झालं ते तुला माहीत आहे, तुझ्याच सौनात, त्या वाफेच्या न्हाणीघरात भाजला तो.

शेरीफच्या माणसाने लाकडाच्या वखारीत येऊन सगळ्यांसमोर तुझ्या हातात कोर्टाचे कागद दिले, त्याचा तुला राग आला. कुणीतरी हसून म्हणालं, "काय आर्विद, बहिणीनेच धरलं का?" मला सगळं कळलं, गावात काय लपतं? पण कागदावर 'निष्काळजीपणे' लिहिलंय म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, हे मात्र मला समजत नाही. तो शब्द माझा नाही, माझ्या वकिलाचा, बोड्रीचा आहे. तो म्हणाला, हा शब्द काढला तर दावा उभाच राहत नाही. मी म्हटलं, अहो, तो या जिल्ह्यातला सगळ्यात काळजीचा सुतार आहे, निम्म्या लोकांचे सौना त्याने बांधलेत. तर म्हणतो, ते कोर्टात नका बोलू.

दावा तुझ्यावर नाही हे तुला कितीदा सांगू? विमा कंपनीवर आहे. पण आपल्या राज्यात कंपनीचं नाव घालता येत नाही, ज्याचं घर त्याचंच घालावं लागतं. आणि ही वाट मला दाखवली कुणी? तूच. हॉस्पिटलात माझ्या खाटेशी बसून म्हणालास, "काळजी करू नकोस. घराच्या विम्याचे हप्ते मी काय शोभेला भरतो?" मग कंपनीचं उत्तर आलं: मिस्टर आर्विद कांगास यांची कोणतीही जबाबदारी दिसत नाही. झालं. मग राहिलं काय? माझी बोटं तळव्याला चिकटल्यासारखी आखडलीत. त्यांच्यावर आणखी शस्त्रक्रिया हव्यात. माझ्या दुकानात सारण भरलेल्या पास्टीची कड मुरडायला मी एका शाळकरी पोरीला ठेवलंय, आणि तिच्या पास्ट्या भट्टीत उकलतात, सगळं मटण-बटाटं बाहेर. लोक खातात, वर तोंड वाकडं करतात.

मला माहीत होतं तिथे कुणी बसत नाही. वरच्या बाकाचा शेगडीकडचा कोपरा ही बाबांची जागा, बाबा गेल्यापासून तूच तसं सांगत आलास, आणि आम्ही सगळ्यांनी पाळलं. तरी त्या शनिवारी मी बसले. ते माझं मी बघून घेईन. पण फळी मोडली कशी? आणि मी शेगडीवर कोसळले तेव्हा जॉइस ओरडली, "मी सांगितलं होतं त्याला!" तुझ्या बायकोने तुला काय सांगितलं होतं, आर्विद?

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

साइमी

&nbsp;

२१ डिसेंबर

आर्विद,

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या वकिलाचं, व्हिटलॉकचं आलं, आणि तेही माझ्या वकिलाला. 'आपल्या अशिलाने आमच्या अशिलाशी परस्पर पत्रव्यवहार करू नये.' आमचे अशील! पुलापलीकडच्या, दक्षिण मिशिगनातून आलेला तो गुळगुळीत माणूस तुला आमचा म्हणतो, आणि आमचा म्हणायची मला बंदी. मी बहिणीच्या नात्याने लिहिलेलं पत्र तू नेऊन त्याच्या टेबलावर ठेवलंस ना? बोड्रीने मला असं झाडलं की बाबांनीसुद्धा कधी झाडलं नव्हतं. "बाई, तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द तुमच्यावरच फिरवतील. लिहायचंच असेल तर लिहा आणि चुलीत घाला."

चुलीत घालणार नाही. पिठाच्या रिकाम्या डब्यात घालते.

चर्चच्या तळघरात नाताळची कॉफी होती. मी गेले तर टेबलाशी बसलेल्या सगळ्याजणी एकदम आपापल्या कपात बघायला लागल्या. मग पाळकाची बायको म्हणते, "भावाच्या घरावर दावा आणलास म्हणे?" मी म्हटलं, "घरावर नाही, विम्यावर." ती म्हणाली, "एकच की गं ते." मी आपला केकचा तुकडा डाव्या हाताने उचलला, तो पडला, आणि चार जणी तो उचलायला धावल्या. तेवढी दया आहे गावात. ऐकून घ्यायची मात्र तयारी नाही.

आणि बोड्रीने मला कायदा समजावून सांगितला, तो ऐकून तर माझं डोकंच फिरलं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक पडलं तर दुकानदाराने जागा तपासली होती का, नीट ठेवली होती का, हे सगळं विचारतात. पण घरी प्रेमाने आलेला पाहुणा पडला तर त्याने घर जसं आहे तसं घ्यायचं. घरमालकाला आतली खोड माहीत होती आणि त्याने ती सांगितली नाही, एवढं सिद्ध झालं तरच तो जबाबदार. म्हणजे तुझ्या सौनाला मी तिकीट काढून आले असते तर कायद्याने माझी जास्त कदर केली असती. बहीण म्हणून फुकट आले, तिथेच चुकलं.

तेव्हा सगळं येऊन एका प्रश्नावर थांबतं. फळी खराब आहे हे तुला माहीत होतं का? माहीत नव्हतं, तर मी आखडलेला हात घेऊन घरी बसायचं. माहीत होतं आणि सांगितलं नाहीस, तर माझा हात सुटायची काहीतरी आशा आहे. मी बोड्रीला म्हटलं, त्याला माहीत असणं शक्य नाही. माहीत असतं तर आर्विदने फळी दुसऱ्या दिवशी बदलली असती. लाकडाच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही. बोड्री म्हणाला, "तुम्ही दावा कुणाच्या बाजूने लावलाय?"

बघ. अजून तुझीच बाजू घेते मी. मलाच माझा संताप येतो.

मी बोड्रीला हेही विचारलं की कोर्ट त्याला माझ्याशी बोलायला लावू शकतं का. तो हसला नाही, हे बरं केलं त्याने. म्हणाला, "कोर्टाकडे दोनच गोष्टी असतात. पैसे देववणं, आणि अमुक कर किंवा अमुक करू नको असा हुकूम देणं. बहिणीशी बोल असा हुकूम मी अजून पाहिलेला नाही."

आज शनिवार होता. तुझ्या सौनाच्या धुराड्यातून धूर नाही. मी पडले तेव्हापासून नाही. शनिवारी धूर दिसला की उठायचं, टॉवेल घ्यायचा आणि चालायला लागायचं, बोलावणं कुणी करत नाही, हे आपल्याकडे जन्मापासून. तेही बंद केलंस.

साइमी

&nbsp;

१४ मार्च १९९७

आर्विद,

माझी शपथेवरची जबानी झाली काल, बोड्रीच्या कचेरीत. तू टेबलाच्या पलीकडे बसला होतास आणि सगळा वेळ टेबलाची कड बघत होतास. कड चांगली नव्हती, मलाही दिसलं. पण मान वर केली असतीस तर मेला नसतास.

व्हिटलॉकने आधी विचारलं, बिअर किती घेतली होती. मग विचारलं, वजन किती. बाईमाणसाला! टाइप करणारी मुलगीसुद्धा खाली बघायला लागली. मग त्याने कागद काढला. माझं पत्र. माझ्या वाकड्या अक्षरातलं. चष्मा लावून सावकाश वाचलं त्याने, खाटीक मांस तोलतो तसं. "'मला माहीत होतं तिथे कुणी बसत नाही. तरी त्या शनिवारी मी बसले.' हे आपलंच अक्षर ना, मिसेस माकी?"

"माझंच. आणि ते तुम्हाला लिहिलेलं नाही."

"म्हणजे आपल्याला सूचना होती. तिथे बसू नये अशी."

"सूचना कसली? ती बाबांची जागा होती."

"पण बसू नये असं आपल्या भावाने सांगितलं होतं, आणि आपण बसलात. एवढंच मला हवं होतं."

एवढंच त्याला हवं होतं. बाबांबद्दलची आपली रीत त्याने घेतली आणि तिची धोक्याची पाटी करून टाकली. आणि तू काही बोलला नाहीस! तुझ्या जबानीत काय म्हणालास ते मी वाचलं आहे. 'ती जागा वडिलांच्या स्मरणार्थ मोकळी ठेवत होतो. फळीबद्दल काही माहीत नव्हतं.' जॉइसची तर त्याहून ग्रेट. 'मी काय ओरडले ते आठवत नाही.' जॉइस, जिला माझ्या लग्नात कुणी कुठल्या रंगाचे बूट घातले होते ते आठवतं! आणि नवराबायको आपापसात काय बोलले ते विचारायचं नाही, असाही कायदा आहे म्हणे. नवराबायकोचं बोलणं झाकायला कायदा आहे. भावाबहिणीचं पत्र मात्र चव्हाट्यावर.

घरी आले तर पायरीवर थिंबलबेरीच्या मुरंब्याची बाटली. नाव नाही, चिठ्ठी नाही. पण ती बाटली जॉइसचीच, झाकण तिचंच. असा राग आला की फेकून द्यावी. फेकली नाही, मुरंब्याने काय घोडं मारलंय. पण उघडलीही नाही. एका हाताने उघडत नाही ती.

साइमी

&nbsp;

२१ जून

आर्विद,

आज सगळे सरोवराच्या काठी मध्य-उन्हाळ्याच्या सणाची होळी पेटवायला गेलेत. दर वर्षी तू लाकडं रचायचास आणि मी कॉफी करायचे. मी गेले नाही. तूही गेला नाहीस, तुझी गाडी दारातच आहे. बघ, दावा कशी सारखी वाटणी करतो.

हे पत्र तुला कधीच मिळणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. शपथेवर मला विचारलं होतं, त्या दिवशी तिथेच का बसलात. मी म्हटलं, सहज. खोटं बोलले.

बाबा गेल्यापासून दर शनिवारी तुझ्या सौनात शिरले की आधी मी त्या कोपऱ्याकडे बघून मान लववत होते. कुणाला दिसणार नाही इतकीच. जॉइस शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकायची, वाफ उठायची, आणि त्या वाफेत मला ते तिथे बसलेत असं वाटायचं, कोपरं गुडघ्यावर टेकून, तसेच गप्प. हयातीत तरी ते कुठे बोलत होते? त्यामुळे फारसा फरक पडायचा नाही. आठवडाभर काय झालं ते मी मनातल्या मनात सांगून घ्यायचे. हिशेब जुळत नाही, भट्टी धूर करते, गुडघा दुखतो. ते ऐकत असायचे.

त्या शनिवारी मला फार एकटं वाटत होतं. का ते सोड. मी वर चढले, आणि नेहमीच्या जागी न बसता त्या कोपऱ्याकडे गेले आणि हळूच म्हटलं, "बाबा, सरका जरा."

आणि बसले. आणि फळी गेली.

आर्विद, तेव्हापासून मला काय वाटत आलंय सांगू? मला वाटतं, बाबांनी मला ढकललं. हॉस्पिटलात वाटत होतं, हाताची पट्टी बदलताना वाटत होतं, अजून वाटतं. आयुष्यात एकदा त्यांच्याजवळ जाऊन बसायला बघितलं, आणि त्यांनी नको म्हटलं. वेडेपणा आहे, माहीत आहे. पण साठीच्या बाईला वेडं व्हायला कुणाची परवानगी लागत नाही.

होळी इथून दिसते. यंदा कुणी रचलीय कोण जाणे, एका बाजूला कललीय.

साइमी

&nbsp;

९ ऑक्टोबर

आर्विद,

आज कोर्टात जे झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतास. पण मी लिहिणार. लिहिलं नाही तर माझ्या डोक्याची शीर तुटेल.

ज्यूरीत कोण कोण होतं? तू ज्याच्या गोठ्याचं छप्पर केलंस तो नव्हता, त्याला काढलं. पण बाकीचे सगळे माझ्याकडे असे बघत होते, जशी काही मी चर्चची दानपेटीच फोडलीय. बोड्रीने मला आधीच बजावलं होतं: विमा हा शब्द तोंडातून निघता कामा नये, निघाला तर न्यायाधीश खटलाच मोडीत काढतील. म्हणजे ज्यूरीने काय समजायचं? की ही बया सख्ख्या भावाचं घर विकायला निघालीय. आणि मी तिथे तोंड शिवून बसायचं. सगळ्यात मोठी खरी गोष्ट सांगायची बंदी, आणि वर बायबलवर हात ठेवून खरं बोलेन म्हणून शपथ!

मग तुला पिंजऱ्यात उभं केलं. नवा कोट होता. जॉइसने घेतलेला दिसला, खांद्यात मोठा.

बोड्रीने बाबांचं काही विचारलंच नाही. मला वाटलं, हा विसरला. त्याने टेबलाखालून ती मोडकी फळी काढली आणि तुझ्या हातात दिली. "मिस्टर कांगास, तुम्ही सुतार. हे लाकूड कुठलं?"

"सीडर."

"कुणी तासलेलं?"

"बाबांनी."

"हे लाकूड चांगलं आहे का?"

व्हिटलॉक उठला, काहीतरी हरकत म्हणाला. न्यायाधीश म्हणाले, ते सुतार आहेत, सांगू द्या. आणि तू फळी उलटी केलीस. कुणी सांगितलं नव्हतं करायला. तू कुठलंही लाकूड हातात आलं की उलटं करतोस, माझ्या लग्नातलं टेबलसुद्धा केलं होतंस. उलटी केलीस, आणि अंगठ्याचं नख खालच्या बाजूला रोवलंस. नख आत गेलं. लोण्यात जातं तसं, पहिल्या बाकावरून मला दिसलं. तू ते नख तसंच आत ठेवून उभा राहिलास. मला वाटतं त्या क्षणी तू कोर्ट, कंपनी, मी, सगळं विसरला होतास.

"नाही," म्हणालास. "पोखरलीय. मुंग्यांनी."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

व्हिटलॉक पुन्हा उठला, पण तू त्याच्याकडे बघितलंच नाहीस. "बाबा गेले त्या उन्हाळ्यात. खालून टोचून बघितलं होतं."

"मग बदलली का नाहीत?"

"त्यांच्या हातची होती. काढवली नाही." मग नख बाहेर काढलंस. "जॉइस म्हणत होती, बदल, नाहीतर लोकांना सांग तरी. सांगणार काय? सुताराच्या घरात सडकी फळी? म्हणून मी म्हटलं की बाबांची जागा आहे, कुणी बसू नका. लोक मानतात. कुणी कारण विचारत नाही."

मी पाण्याचा पेला उचलत होते. डाव्या हातातूनही पडला.

मग सगळं भरभर झालं. न्यायाधीशांनी मधली सुट्टी दिली. व्हिटलॉक व्हरांड्यात फोनवर. जेवायच्या आधी त्याने बोड्रीला कोपऱ्यात घेतलं, आणि जेवणानंतर माझ्यापुढे कागद. कंपनी देईल, शस्त्रक्रियांचं सगळं, दुकानाच्या नुकसानीचं, आणि वर काही. ज्यूरी घरी गेली. बोड्री खूश. म्हणाला, "जिंकलात, मिसेस माकी."

मी कागद वाचला. मी वाचते, माझ्या वाचण्याला लोक घाबरतात. त्यात लिहिलंय: प्रतिवादीने कोणतीही चूक केलेली नाही व या तडजोडीने कोणतीही चूक मान्य केली असे समजू नये.

मी म्हटलं, "हे काय? आत्ता सगळ्यांसमोर म्हणाला ना तो?"

बोड्री म्हणाला, "नेहमीचं वाक्य आहे. सगळ्या कागदांत असतं."

आर्विद, एवढ्या सगळ्यातून मला एकच खरी गोष्ट मिळाली होती, तुझ्या नखाखालची, आणि तीसुद्धा त्यांनी कागदावरून पुसून घेतली. पैसे द्यायच्या आधी पुसून घेतली. मी सही केली. हात हवाय मला. डाव्या हाताने केली, शाळेतल्या पोरासारखी.

तू बाहेर पायऱ्यांवर उभा होतास. काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. मी गाडीत बसले.

साइमी

&nbsp;

१८ ऑक्टोबर

आर्विद,

आज तुझ्या सौनातून धूर निघाला. दुपारीच. पांढरा, बर्चच्या लाकडाचा, चांगल्या सुकलेल्या. मी खिडकीशी उभी राहून बघितला आणि आले नाही. धूर काढला म्हणजे झालं, असं समजू नकोस. मी अजून संतापलेली आहे, आणि आता मला लिहायला कुणाची बंदी नाही, त्यामुळे नीट ऐकून घे. डब्यातली सगळी पत्रं याच पाकिटात घातलीत. आधी ती वाच. जूनमधलं दोनदा वाच.

वाचलंस?

तुला फळीची लाज वाटली. ठीक. बाबांच्या हातची काढवली नाही. तेही समजलं, मलाही काढवली नसती. पण तू तुझी लाज झाकायला बाबांना तिथे बसवलंस. आणि मी, मूर्ख, दर शनिवारी तुझ्या लाजेपुढे मान लववत राहिले. माझ्या भट्टीचा धूर आणि माझा गुडघा सगळं एका मुंग्यांनी खाल्लेल्या फळीला सांगत राहिले. मी पडले, भाजले, तू माझ्या खाटेशी बसलास, माझ्या तोंडात सूप घातलंस, आणि तेव्हाही सांगितलं नाहीस. एक वाक्य, आर्विद! 'फळी सडकी होती, साइमी.' एवढं वाक्य ऐकलं असतं तर बाबांनी मला ढकललं असं मानत मी इतके दिवस काढले नसते. हाताचं कंपनी भरून देईल. याचं कोण भरून देणार? बोड्रीला विचारलं तर तो फाईल बंद करून दुसऱ्या कुणाच्या तुटलेल्या पायाकडे वळला. बरोबर आहे त्याचं. या दाव्याला कोर्टच नाही.

म्हणून कोर्ट मीच. हुकूमही माझाच. पैसे मागत नाही, कर म्हणते ते कर.

पहिलं. वखारीत जायचं, जिथे तुला कागद मिळाले तिथेच, माणसं असतील तेव्हा, आणि सांगायचं की तुला माहीत होतं. कंपनीच्या कागदात लिहिलंय की तुझी चूक नाही. त्या कागदावर सही माझी आहे, तुझं तोंड त्याने बांधलेलं नाही. मी बोड्रीकडून खात्री करून घेतलीय.

दुसरं. जॉइसला म्हणावं मुरंबा चांगला होता. झाकण शेवटी मी दाराच्या फटीत अडकवून उघडलं. तिने तुला सांगितलं होतं, आणि तू ऐकलं नाहीस, हे तिने आता सगळीकडे सांगत सुटायला माझी हरकत नाही. तिला आवडेल ते.

तिसरं. ते बाक काढायचं. तू एकटा नाही, मी येईन तेव्हा. पहार मी आणते, आपटायला डावा हात पुरतो. बाबांच्या फळ्या जाळायच्या नाहीत. ज्या चांगल्या निघतील त्या नख रोवून निवडायच्या, माझ्यासमोर. उरलेल्या जागी नवं सीडर. शेगडीच्या बाजूला खालून दुहेरी आधार. तुला सुतारकाम मी शिकवावं, ही वेळ आली बघ.

मग पेटव. धूर दिसला की मी टॉवेल घेऊन येईन, जुन्या वाटेने. जॉइस आणि मी आत जाऊ, तू बाहेर लाकडाच्या ढिगावर बसायचं. सरळ वर चढून मी त्याच कोपऱ्यात बसणार आहे. ती बाबांची जागा आहे. तू खोटं सांगितलं होतंस, पण इतकी वर्षं मी तिथे रोज नाही तरी दर शनिवारी त्यांना भेटले, आता ती तुझ्या सांगण्यावर राहिलेली नाही.

बसण्याआधी मी म्हणणार आहे, "बाबा, सरका जरा." मोठ्याने म्हणणार आहे. तू बाहेरून ऐक, आणि फळीचा आवाज होतो का तेही ऐक.

साइमी